जत्रा संपल्यावर : लघुकथेतील मुलांच्या अपेक्षा आणि अपेक्षाभंग



आज आपण लघुकथेतला एक महत्त्वाचा विषय समजून घेणार आहोत. मूल एखाद्या गोष्टीची वाट पाहतं, मनात तिचं मोठं चित्र रंगवतं आणि प्रत्यक्षात तसं घडत नाही. यालाच आपण अपेक्षाभंग म्हणतो. जगातल्या कितीतरी चांगल्या कथा या एवढ्याशा धाग्यावर उभ्या आहेत. वर्गात त्या कशा वाचाव्यात आणि त्यातून आपण शिक्षकांनी काय शिकावं, हे या पाठात पाहू.

प्रस्तावना : आपल्या गावातूनच सुरुवात

महाशिवरात्र जवळ आली की नागऱ्यात मुलांचं अभ्यासात लक्ष लागत नाही. इथल्या जुन्या दगडी शिवमंदिराजवळ यात्रा भरते. गोंदिया आणि आजूबाजूच्या गावांतून लोक दर्शनाला येतात. पाळणे येतात, खेळण्यांची दुकानं लागतात, फुगेवाले येतात. आठ दिवस आधीपासूनच मुलांचे हिशोब सुरू होतात. कोणाला मामा वीस रुपये देणार आहे, कोणाची आजी पन्नास देणार आहे. कोणी पाळण्यात बसणार, कोणी दुर्बीण घेणार.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी वर्गात गेलं की दोन प्रकारची मुलं दिसतात. काही जण हात वर करून करून सांगतात, "मॅडम, मी दोनदा पाळण्यात बसलो!" आणि काही मुलं बोलतच नाहीत. विचारलं तर म्हणतात, "गेलतो." बस, एवढंच. त्या "गेलतो"च्या मागे काय असतं? पैसे कमी पडले असतील. बाबा घरी उशिरा आले असतील. पाळणा बंद झाला असेल. किंवा घेतलेली दुर्बीण घरी येईपर्यंत मोडली असेल.

तान्ह्या पोळ्यालाही असंच होतं. आपल्या विदर्भात मुलं लाकडी नंदी घेऊन घरोघरी जातात, बोजारा मिळवतात. कोणाचा नंदी मोठा, चाकाचा, सजवलेला; कोणाचा हातात मावेल एवढा. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडार होते, पाहुणे येतात. आमच्या भागातले बरेच आईवडील कामासाठी नागपूर-हैदराबादकडे जातात. मंडईला तरी ते येतील म्हणून मूल वाट पाहत असतं. मोठ्यांच्या दृष्टीनं या लहान गोष्टी आहेत. मुलाच्या दृष्टीनं त्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या गोष्टी असतात. हा दोन दृष्टींतला फरक समजला, की या कथा समजायला सोप्या जातात.

अपेक्षाभंग आणि लघुकथा यांचं नातं

आधी दोन शब्दांतला फरक स्पष्ट करून घेऊ. दुःख आणि अपेक्षाभंग एकच नाहीत. पाय मोडला तर दुःख होतं. पण अपेक्षाभंग होण्यासाठी आधी मनात काहीतरी उभं राहावं लागतं. जे उभं राहिलं तेच पडतं. म्हणून अशा कथेचा पहिला अर्धा भाग अपेक्षा बांधण्यात जातो. वाचकालाही मुलाबरोबर वाट पाहायला लावली, तरच शेवट त्याला लागतो.

लघुकथेला हा विषय का मानवतो? त्याची तीन कारणं सांगता येतील.

१. लघुकथेत एकच मुख्य घटना असते. मुलाच्या मनातही एका वेळी एकच इच्छा असते.

२. लघुकथेचा काळ थोडा असतो. एक सण, एक जत्रा, एक संध्याकाळ. मुलाची वाट पाहण्याची मुदतही तेवढीच असते.

३. लघुकथा शेवटी फार स्पष्टीकरण देत नाही. मूलही आपल्याला काय वाटलं ते नीट सांगू शकत नाही. जे सांगता येत नाही ते वाचकानं ओळखायचं असतं.

वर्गात कथा घेताना मी फळ्यावर चार प्रश्न लिहिते. आजच्या सगळ्या कथा आपण याच चार प्रश्नांनी पाहू :

अ) मुलाला काय हवं आहे?
आ) ती इच्छा मनात कोणी किंवा कशामुळे निर्माण केली?
इ) आड काय आलं?
ई) त्यानंतर मुलानं काय केलं, आणि मोठ्या माणसाला ते कळलं का?

चौथ्या प्रश्नाचा दुसरा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, बरं का. त्याकडे शेवटी येऊ.

कथा पहिली : प्रेमचंद यांची 'ईदगाह'

प्रेमचंद (१८८०–१९३६) यांची ही कथा हिंदीच्या अभ्यासात अनेकांनी वाचलेली असते. हमीद चार-पाच वर्षांचा पोरका मुलगा. आजी अमीनाजवळ राहतो. ईदच्या दिवशी गावातली मुलं शहराकडे ईदगाहला निघतात. महमूदजवळ बारा पैसे, मोहसिनजवळ पंधरा, आणि हमीदजवळ फक्त तीन. मुलं मातीची खेळणी घेतात. शिपाई, भिश्ती, वकील. एकेक खेळणं दोन पैशांचं. मिठाई खातात, हमीदला चिडवतात. हमीद लोखंडाच्या सामानाच्या दुकानाशी थांबतो. त्याला आठवतं की भाकरी तव्यावरून काढताना आजीचे हात भाजतात. दुकानदार चिमट्याचे सहा पैसे सांगतो, मग पाचवर येतो. हमीद तीन पैशांत चिमटा घेतो.

सर्वसाधारणपणे आपण ही कथा इथे संपवतो आणि मुलांकडून तात्पर्य लिहून घेतो : "त्याग करावा, वडीलधाऱ्यांची काळजी घ्यावी." परीक्षेला ते चालतं. पण चार प्रश्न लावून पाहा. हमीदला काय हवं आहे? खेळणं हवं आहेच, ते तो चिमट्याच्या बाजूनं भांडून भरून काढतो. तो चिमट्याला खांद्यावर बंदुकीसारखा धरतो आणि इतर मुलांच्या खेळण्यांना वादात हरवतो. पण त्याची खरी अपेक्षा कथेच्या सुरुवातीलाच आली आहे, आणि ती आपण वाचून पुढे जातो. हमीदला सांगितलेलं आहे की अब्बा पैसे कमवायला गेले आहेत आणि अम्मी अल्लाच्या घरी चांगल्या चांगल्या वस्तू आणायला गेली आहे. दोघं परत येतील, म्हणून तो आनंदात आहे. पायात जोडा नाही, डोक्यावरची टोपी जुनी, तरी तो आनंदात आहे.

वाचकाला माहीत आहे की दोघंही वारले आहेत. म्हणजे या कथेतली सर्वांत मोठी अपेक्षा मोडायची अजून बाकी आहे. कथा संपते तेव्हाही ती तशीच उभी असते. जत्रेतला अपेक्षाभंग हमीदनं जिंकला, पण पुढचा? तो कधीतरी येणारच. शेवटी अमीना रडते आणि हमीदला तिच्या रडण्याचं रहस्य कळत नाही. ती चिमट्यासाठी रडते हे खरं, पण ती आणखी कशासाठी रडत असेल, हे मुलांना विचारून पाहा. सहावी-सातवीची मुलं बरोबर सांगतात. मागच्या वेळी एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तिला माहीत आहे ना, ते येनार नाहीत." वर्ग एकदम शांत झाला होता. त्या वर्गातल्या चार-पाच मुलांचे आईवडील बाहेरगावी कामाला होते.

अशा वेळी आपण काय करावं? मी काहीच बोलले नाही. पुढचा प्रश्न विचारला नाही, तात्पर्यही सांगितलं नाही. थोडा वेळ तसाच जाऊ दिला. शांततेला घाबरून लगेच बोलायला लागू नये, असं मला वाटतं.

कथा दुसरी : जेम्स जॉइस यांची 'अ‍ॅरबी'

आता थोडं दूर जाऊ. जेम्स जॉइस (१८८२–१९४१) हे आयर्लंडचे लेखक. १९१४ मध्ये आलेल्या 'डब्लिनर्स' या त्यांच्या कथासंग्रहात 'अ‍ॅरबी' ही कथा आहे. अ‍ॅरबी हे एका बाजाराचं नाव. डब्लिनमध्ये मे १८९४ मध्ये या नावाचा बाजार खरोखर भरला होता. म्हणजे पुन्हा जत्राच.

कथेतला मुलगा काका-काकूंजवळ राहतो. त्याला नाव दिलेलं नाही. शेजारच्या मित्राची बहीण त्याला फार आवडते. ती त्याला विचारते, तू अ‍ॅरबीला जाणार का? तिला स्वतःला जाता येणार नसतं. मुलगा म्हणतो, मी गेलो तर तुझ्यासाठी काहीतरी आणीन. बस, झालं! त्या एका वाक्यानंतर त्याचं शाळेत लक्ष लागत नाही. बाजाराचं नाव जरी मनात आलं तरी त्याला जादू झाल्यासारखं वाटतं.

शनिवारी सकाळी तो काकांना आठवण करून देतो. संध्याकाळ होते. काका येत नाहीत. घड्याळ टिकटिक करतं. काका रात्री नऊ वाजता येतात, पिऊन आलेले असतात आणि बाजाराचं विसरलेले असतात. मुलगा धावत निघतो. पोचतो तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी असतात. बहुतेक दुकानं बंद झालेली, अर्ध्याहून जास्त जागा अंधारात. एका दुकानाशी चिनी मातीची भांडी असतात. विकणारी बाई दोन पुरुषांशी हसत-बोलत असते. ती मुलाला नावापुरतं विचारते. तो म्हणतो, नको. दिवे विझतात. त्याच्या डोळ्यांत संताप आणि वेदना भरून येते.

इथे गणिताच्या तासाचा उपयोग करता येतो. काकांनी त्याला फ्लोरिन दिला होता. एक फ्लोरिन म्हणजे दोन शिलिंग, आणि एक शिलिंग म्हणजे बारा पेनी. म्हणजे एकूण चोवीस पेनी. मुलांसाठीचं सहा पेनीचं दार त्याला सापडत नाही. बाजार बंद होईल या भीतीनं तो पूर्ण एक शिलिंग देऊन आत जातो. शेवटी त्याच्या खिशात आठ पेनी उरलेल्या दिसतात. २४ − १२ − ८ = ४. म्हणजे येताना आगगाडीला चार पेनी लागल्या असाव्यात. परत जायलाही तेवढ्याच लागणार. मग वस्तू घ्यायला उरल्या किती? चारच. दुकान उघडं असतं, बाई गोड बोलली असती, तरी तो काही मोठं घेऊ शकला नसता. लेखक हे कुठेही सांगत नाही. मुलांना हिशोब करायला लावला की ती स्वतःच ओरडतात, "अरे, त्याच्याजवळ पैसेच नव्हते!" असा शोध मुलांना लागला की कथा त्यांची होते.

आता हमीद आणि हा मुलगा यांची तुलना करा. दोघंही जत्रेला जातात, दोघांजवळही पैसे कमी, दोघांनाही दुसऱ्यासाठी काहीतरी आणायचं आहे. हमीद वस्तू घेऊन परततो, हा रिकाम्या हातानं परततो. फरक कशामुळे पडला? हमीद ज्याच्यासाठी वस्तू घेतो त्या माणसाचे भाजलेले हात त्यानं रोज पाहिले आहेत. या मुलानं मात्र आपल्या मनातलं चित्र पाहिलं होतं, त्या मुलीला काय हवं आहे हे त्याला माहीतच नव्हतं. आणखी एक. हमीद वेळेवर पोचतो. याला मोठ्या माणसानं उशीर करून दिला.

कथा तिसरी : रवींद्रनाथ ठाकूर यांची 'पोस्टमास्तर'

ही कथा १८९१ ची आहे. कोलकात्याचा एक तरुण पोस्टमास्तर म्हणून लहानशा खेड्यात येतो. त्याला गाव आवडत नाही, बोलायला कोणी नाही. रतन नावाची बारा-तेरा वर्षांची पोरकी मुलगी त्याच्याकडे काम करते. संध्याकाळी तो तिच्याशी आपल्या आईच्या, बहिणीच्या गोष्टी बोलतो. हळूहळू रतन त्याच्या घरच्यांना आपलीच माणसं समजू लागते. तो तिला अक्षरं शिकवतो. जोडाक्षरांपर्यंत ती पोचते. तो आजारी पडतो तेव्हा ती रात्र रात्र जागते.

बरा झाल्यावर पोस्टमास्तर बदलीचा अर्ज करतो. तो नामंजूर होतो, म्हणून नोकरी सोडतो. रतन विचारते, मला तुमच्या घरी न्याल? तो हसतो. ते कसं शक्य आहे, म्हणतो. त्याला ती गंमत वाटते. तिला ते हसणं रात्रभर ऐकू येत राहतं. जाताना तो तिला पैसे देऊ करतो. ती घेत नाही, पळून जाते. नाव निघाल्यावर त्याला एकदा वाटतं की परत जावं, पण तोवर वाऱ्यानं शीड भरलेलं असतं. जीवनात असे वियोग होतच असतात, अशी तो मनाची समजूत घालतो. रतनजवळ अशी कोणतीही समजूत नसते. ती पोस्ट ऑफिसभोवती फिरत राहते. तो परत येईल अशी थोडी आशा तिला अजून असते.

ही कथा मी प्राथमिकच्या मुलांना पूर्ण वाचून दाखवत नाही. पण प्रत्येक शिक्षकानं ती स्वतःसाठी वाचावी. यात खलनायक नाही. पोस्टमास्तर वाईट माणूस नाही. त्यानं तिला मारलं नाही, फसवलं नाही. उलट शिकवलं. त्यानं कोणतंही वचन दिलं नव्हतं. मग चूक कोणाची? त्यानं आपल्या एकटेपणात एका मुलीला जवळ केलं आणि तिच्या मनात काय उभं राहत आहे, हे पाहिलंच नाही. आपल्यालाही बदल्या होतात. पाचवीतली मुलं रडतात, आपण डोक्यावरून हात फिरवतो आणि "भेटायला येईन हं" म्हणतो. किती जण जातो?

मराठीतली उदाहरणं

मराठी वाचकाच्या मनात पहिलं नाव येतं साने गुरुजींचं. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एकेका रात्री श्याम एकेक आठवण सांगतो, त्यामुळे प्रत्येक रात्र स्वतंत्र गोष्टीसारखी वाचता येते. त्यातली धाकट्या भावाच्या कोटाची आठवण आपल्या विषयाला अगदी जवळची आहे. घरी गरिबी आहे, धाकट्याला नवा कोट हवा आहे. आईजवळ समजूत घालण्याशिवाय काही नाही. श्याम ते ऐकतो, स्वतःच्या खाऊचे पैसे साठवतो आणि भावासाठी कोट शिवून आणतो. इथे मुलाची अपेक्षा मोठ्या माणसानं नाही, दुसऱ्या मुलानंच पूर्ण केली. हमीदशी याचं नातं आहे. दोघांनाही कोणी "त्याग कर" असं सांगितलेलं नव्हतं. त्यांनी एक अडचण रोज जवळून पाहिली होती, एवढंच.

दुसरं उदाहरण प्रकाश नारायण संत यांचं. 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' (२००१) आणि 'झुंबर' (२००४) या चार पुस्तकांत लंपन नावाच्या मुलाच्या कथा आहेत. लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांजवळ बेळगावकडच्या मराठी-कानडी भागात राहतो. आजी-आजोबा फार प्रेमळ आहेत, मित्र आहेत, सुमी आहे. तरीही पहिल्या पुस्तकाचं नाव 'वनवास' आहे, हे विसरू नका. सगळं चांगलं असूनही मुलाच्या मनात "मला इथे का पाठवलं?" हा प्रश्न राहू शकतो. लंपन स्वतःच्या भाषेत बोलतो, स्वतःचे शब्द वापरतो. मोठ्यांनी शिकवलेली शहाणी भाषा तो बोलत नाही. म्हणून त्याचं वाट पाहणं खरं वाटतं. आपली मुलं वर्गात झाडीबोली बोलतात, पोवारी बोलतात, हिंदी मिसळतात. त्यांनी स्वतःची गोष्ट त्याच बोलीत सांगितली तर सांगू द्यावी. प्रमाणभाषा नंतर येईल.

एक अनुभव : माझ्याच वर्गातला

आता थोडं स्वतःबद्दल. काही वर्षांपूर्वी चौथीत एक मुलगी होती. तिचं वाचन कच्चं होतं. मी तिला म्हणाले, "हे पुस्तक पूर्ण वाचून दाखवलंस ना, तर सोमवारी गोंदियाहून तुझ्यासाठी रंगपेटी आणते." तिनं पुस्तक वाचलं. अडखळत, बोट ठेवून, पण पूर्ण वाचलं. तो शुक्रवार होता.

सोमवारी मी विसरले. मंगळवारी आठवलं, "उद्या आणते" म्हणाले. मग प्रशिक्षण लागलं, मग मतदार यादीचं काम आलं. कारणं सगळी खरी होती. ती रोज पहिल्या बाकावर बसून माझ्या पिशवीकडे पाहायची. एकदाच म्हणाली, "मॅडम, तुमी त सोमवारी म्हनलं होतं." मी म्हणाले, "हो गं, आणते ना!" आवाज थोडा चढलाच.

तीन आठवड्यांनी मी रंगपेटी आणली. चोवीस रंगांची, ठरवली होती त्याहून मोठी. वर्गासमोर टाळ्या वाजवून दिली. तिनं घेतली, "थँक्यू मॅडम" म्हणाली आणि दप्तरात ठेवली. दुसऱ्या दिवशी कळलं की तिनं ती लहान भावाला देऊन टाकली. रंगवलं का, विचारलं तर म्हणाली, "माले नाही पायजे आता."

तेव्हा मला वाटलं, काय हट्टी पोरगी आहे! पुढे 'अ‍ॅरबी' वाचली आणि रात्री नऊला आलेल्या काकांपाशी मी थांबले. काकांनीही पैसे दिले होते. नाही म्हटलं नव्हतं. फक्त उशीर केला होता, आणि विसरले होते. मी पण तेच केलं होतं. तिला चोवीस रंग नको होते, तिला सोमवार हवा होता.

मी तिची माफी मागितली नाही. ती पाचवीत दुसऱ्या शाळेत गेली. तिचं वाचन सुधारलं की नाही, मला माहीत नाही. ही गोष्ट मी इथे लिहिते आहे, कारण आपल्यापैकी अनेकांकडे अशी एक रंगपेटी असेल.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. मुलांना जे कबूल करते ते त्यात लिहिते, तारखेसह. जमणार नसेल तर आधीच सांगते, "सोमवारी जमणार नाही, गुरुवारी आणीन." मुलं रागावत नाहीत. बदललेली तारीख मुलांना चालते. तारीख विसरलेली मात्र चालत नाही.

वर्गात हा पाठ कसा घ्यावा?

१. कथा वाचण्याआधी मुलांना विचारा : "तुम्ही कशाची खूप वाट पाहिली होती?" फक्त वाट पाहण्याबद्दल बोलू द्या. पुढे काय झालं ते लगेच विचारू नका.

२. कथा अर्ध्यावर थांबवा. 'ईदगाह'मध्ये हमीद दुकानाशी थांबतो तिथे थांबता येतं. मुलांना अंदाज करू द्या. त्यांच्या मनात अपेक्षा तयार झाली, की शेवट त्यांना स्वतःचा वाटतो.

३. वरचे चार प्रश्न गटात द्या. उत्तर एकच बरोबर, असं सांगू नका.

४. पैशांचा हिशोब करून घ्या. हमीदच्या मित्रानं किती खर्च केला, त्याच्याकडे किती उरले असतील? भाषा आणि गणित एकत्र येतं.

५. लेखनासाठी "मी वाट पाहिली" असा विषय द्या. ज्यांना लिहायचं नाही त्यांना चित्र काढू द्या. जी गोष्ट मुलानं फक्त आपल्यासाठी लिहिली आहे ती वर्गात मोठ्यानं वाचू नका. आधी विचारा.

६. शेवटी तात्पर्य फळ्यावर लिहिण्याची घाई करू नका. "म्हणून जास्त अपेक्षा ठेवू नयेत" हे तात्पर्य तर मुळीच देऊ नका. कोणत्याही चांगल्या लेखकानं मुलांना हे सांगितलेलं नाही. अपेक्षा ठेवली म्हणून हमीद चूक नाही, रतन चूक नाही, आणि तो डब्लिनचा मुलगाही चूक नाही.

निष्कर्ष

आता चौथ्या प्रश्नाचा दुसरा भाग : मोठ्या माणसाला कळलं का?

अमीनाला कळलं, म्हणून ती रडली. काकांना कळलं नाही. पोस्टमास्तरला थोडं कळलं, पण नाव निघून गेल्यावर. मला कथा वाचल्यावर कळलं. या कथांमध्ये मुलांचा अपेक्षाभंग बहुतेक वेळा मोठ्यांच्या दुष्टपणामुळे होत नाही. तो विसरण्यामुळे होतो, उशिरामुळे होतो, हसण्यावारी नेण्यामुळे होतो. म्हणून या कथा मुलांइतक्याच आपल्यासाठीही आहेत.

सगळ्या अपेक्षा आपण पूर्ण करू शकत नाही. पाळणा बंद होतो, पाऊस येतो, पगार उशिरा होतो, आईबाबा मंडईला येऊ शकत नाहीत. ते आपल्या हातात नाही. पण यात्रेच्या दुसऱ्या दिवशी जो मुलगा फक्त "गेलतो" म्हणतो, त्याच्याजवळ जाऊन दोन मिनिटं बसणं आपल्या हातात आहे. पुढच्या महाशिवरात्रीनंतर वर्गात जाल तेव्हा हात वर करणाऱ्या मुलांचं ऐकाच, पण न बोलणाऱ्यांकडेही एकदा पाहा.

स्वाध्याय

१. अपेक्षाभंग आणि दुःख यांतला फरक तुमच्या शब्दांत उदाहरणासह लिहा.

२. हमीद आणि 'अ‍ॅरबी'तला मुलगा यांच्यातली तीन साम्यं आणि दोन फरक लिहा.

३. 'ईदगाह'च्या शेवटी अमीना का रडते? तुम्हाला वाटणारी एकापेक्षा जास्त कारणं लिहा.

४. 'पोस्टमास्तर' कथेत चूक कोणाची आहे असं तुम्हाला वाटतं? कारण द्या.

५. तान्हा पोळा, मंडई किंवा नागऱ्याची यात्रा यांपैकी एका प्रसंगावर दहा-बारा ओळींची गोष्ट लिहा. गोष्टीतलं मूल काय हवं ते सांगेल, पण शेवटी त्याला काय वाटलं ते शब्दांत सांगणार नाही. ते वाचकाला कळलं पाहिजे.

६. शिक्षकांसाठी : गेल्या महिन्यात तुम्ही वर्गाला काय काय कबूल केलं होतं, ते आठवून लिहून काढा. त्यातलं जे राहिलं असेल त्याला तारीख द्या.